न पडलेलं झाड

माझं नाव शोभा. जन्म इथलाच, रायपूरचा, रेल्वेच्या क्वार्टरातला, पण आमचं गाव अमरावतीकडलं, बाबा नोकरीले म्हणून इकडे आले अन् मंग इथलेच झाले, त्यामुळं आमची मराठी तुम्हाले जराशी हिंदीवानी लागेल, तुम्ही पुण्याच्या, लिहून घेताना तुम्हाले दुरुस्त करावीशी वाटली तं करा, नाही तं राहू द्या जशी आहे तशी. बाबांचं काम काय होतं सांगू, गाडी फलाटाले लागली का खाली उतरायचं अन् लांब दांड्याच्या हातोडीनं एकेका चाकावर ठोका मारत डब्याडब्यानं पुढं जायचं. चांगलं चाक घंटेवानी वाजते, तडा गेलेलं बसक्या आवाजात बोलते. मी त्यायचा डबा घेऊन जायची तेव्हा फलाटावर उभी राहून ऐकायची. बाबा म्हणायचे, चाक खोटं बोलत नाही. मंग मीही जन्मभर तेच केलं, ठोके मारले, फक्त चाकांच्या जागी झाडं. पण झाडाचं तसं नाही बाप्पा. झाड अर्धं सांगते अन् अर्धं पोटात ठेवते, अन् त्या न सांगतलेल्या अर्ध्यावर तुम्हाले निर्णय घ्या लागते. माझं सगळं दुखणं हेच आहे, दुसरं काही नाही.

शेतकी कॉलेजात शिकली मी इथंच, तेव्हा पोट्ट्या कमीच होत्या, दोघी-तिघी, मंग बगीचा विभागात नोकरी लागली. तेव्हा हा मध्यप्रदेश होता, सगळे हुकूम भोपाळहून यायचे, अन् आमचं काम म्हणजे चौकात झेंडू लावा, मंत्री येऊन राहिले तं कुंड्या रंगवा, एवढंच. रस्त्यांवर दोन्ही बाजूनं झाडं अशी होती का उन्हाळ्यात सायकलनं गेलं तरी डोक्यावर रुमाल लागत नव्हता. मंग नवं राज्य झालं अन् आमचं रायपूर राजधानी झालं. फटाके फोडले लोकांनी, आम्हीही पेढे वाटले, काहून नाही वाटणार. पण राजधानी झाली म्हणजे रस्ते रुंद, रस्ते रुंद म्हणजे नाल्या नव्या, केबल नवी, पाण्याची लाइन नवी, अन् हे सगळं कुठून जाणार तं झाडाच्या मुळातून. एक जण खोदून गेला का दुसरा येते, दुसरा गेला का तिसरा सिमेंट ओतून जाते खोडाच्या गळ्यापर्यंत. माणसाच्या गळ्यापर्यंत सिमेंट ओतलं तं तो किती दिवस जगेल सांगा. झाड जगते चार-पाच वर्षं, हेच वाईट आहे, लगेच मेलं असतं तं लोकांले समजलं असतं कोणी मारलं.

मले दक्षिणेकडे एका शहरात शिकायले पाठवलं होतं, झाडाची तपासणी कशी करा लागते ते. परत आली तेव्हा मजजवळ एक लाकडी हातोडी होती, एक पातळ लोखंडी सळई अन् बहुत सारा उत्साह. साहेबांनी सांगतलं, शोभा मॅडम, आजपासून रस्त्यावरची बिमार झाडं तुमची. मले वाटलं मान देऊन राहिले. नंतर समजलं का ते खातं कोणाले नको होतं. काहून का, लोकं दोनच कामासाठी येतात आमच्याकडे. चांगलं झाड कापा म्हणून येतात, अन् बिमार झाड कापू नका म्हणून येतात. पानं गळतात, कापा. दुकानाचा बोर्ड दिसत नाही, कापा. बगळे बसतात अन् गाडी खराब करतात, कापा. ब्राह्मणपाऱ्यातले एक काका तं निंबोण्या पायाखाली येतात म्हणून कडूनिंब कापून मागत होते, ऐंशीच्या घरातलं वय, मी म्हटलं काका, निंबोण्या दोन महिने येतात, सावली बारा महिने. ते म्हणे दोन महिन्यात मी पडलो तं मले बारा महिने खाटेवर झोपा लागते. अन् जे झाड खरंच गेलेलं असते, आतून पोकळ, ज्याले मी हात लावूनही घाबरते, त्याच्या बुडाशी कोणी तरी शेंदूर लावून ठेवते, लाल धागे बांधते, अन् आम्ही गेलो का बायका झाडाले कवळ घालून उभ्या राहतात. दोघांचंही चुकत नाही म्हणा. पण मधात मी.

आता तुम्ही ज्या झाडाचं विचारलं ते सांगते. पंडरीले कपड्याचा बाजार आहे ना, त्या रस्त्यावर एक शिरीष होता. मोठा, दोघांच्या कवळेत न येणारा. उन्हाळ्यात त्याच्या वाळलेल्या शेंगा अशा वाजायच्या का वाटे वर कोणी खुळखुळे बांधले. त्या शिरीषाखाली, खोडाच्या अन् दुकानांच्या मधात फुटपाथवर, बिसाहू भैया बसायचे शिलाई मशीन घेऊन. साड्यांले फॉल लावणं, पिको, पँट आखूड करणं, फाटलं ते रफू करणं, असं काम. छत्तीसगढी माणूस, महासमुंदकडचा, बोलणं कमी, तोंडात सुई धरायची सवय म्हणून असेल. बाजारात साडी घेतली का बाया सरळ त्यायच्याकडे जायच्या, तितक्या वेळात चाट खायच्या अन् साडी तयार. माझ्या लग्नाच्या साड्यांले फॉल त्यायनंच लावले, माझ्या पोराच्या शाळेच्या पँटा त्यायनंच आखूड केल्या अन् दर वर्षी उसवून लांब केल्या. मी दीदी अन् ते भैया, इतकंच नातं, पण बाजारात गेली अन् त्यायच्या स्टुलावर बसली नाही असं झालं नाही. खोडाले एक खिळा ठोकला होता त्यायनं, त्याले तयार कपडे टांगायचे. मी रागवायची, भैया, झाडाले खिळा नका मारू. ते म्हणायचे, हव दीदी, अन् खिळा तिथंच.

झाडाच्या मागं जुनी टिनाची दुकानं होती, ती पाडून एका सेठनं तीन मजली शोरूम बांधलं. सेठचं नाव घेत नाही, सेठ म्हणजे सेठ. बांधकाम चालू होतं तेव्हा त्यायच्या ठेकेदारानं शिरीषाच्या सडकेकडल्या बाजूनं नाली खोदली, मशीननं, खोडाले अगदी लागून. मी कोणत्या तरी दुसऱ्या कामानं तिकडून जात होती अन् पाहते तं नालीतून मुळं बाहेर निघालेली, मांडीएवढी जाड, तुटलेली, पांढरी फटक. मी रिक्शा थांबवला अन् ठेकेदारावर ओरडली, तो म्हणे मॅडम, परमिशन नालीची आहे, झाडाची कोणी गोष्टच नाही केली. मी ऑफिसात येऊन लिहून दिलं, साहेब म्हणाले नाली आपल्या विभागाची नाही. नालीच्या विभागात गेली तं ते म्हणे झाड आमच्या विभागाचं नाही. मी दोन आठवडे फिरली बापा, तोपर्यंत नालीवर ढापे टाकून झाले अन् खोडाच्या भोवती सिमेंट ओतून फरशाही बसल्या.

त्याच्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात खोडाच्या बुडाशी, सडकेच्या बाजूनं, फरशीच्या फटीतून फुटू निघाले. फुटू म्हणजे इथं अळंबीले म्हणतात. पण हे खायचं फुटू नाही, हे लाकडासारखं कडक, वरून तांबडं चकाकणारं जसं व्हार्निश मारलं, कडेले पांढरं. ते बाहेर दिसलं म्हणजे आत त्यानं कधीचं घर केलेलं असते, मुळं खाऊन राहिलेलं असते. अन् वरून झाड हिरवंगार. लोकं वर पाहतात, मी खाली पाहते, इथंच सगळं भांडण. मी गुडघ्यावर बसून सळई घातली, सडकेच्या बाजूनं ती अशी आत गेली जशी लोण्यात, बिसाहू भैया मशीन थांबवून पाहून राहिले होते. मी म्हटलं, भैया, याची तब्येत बरी नाही. ते वर पाहून म्हणाले, पान तो सब हरियर हे दीदी. हरियर म्हणजे हिरवं.

अन् आणखी एक गोष्ट सांगते म्हणजे तुम्हाले समजेल मी काहून घाबरली. विजेचे तार सडकेच्या बाजूनं होते, तं बिजलीवाले दर वर्षी पावसाळ्याच्या आधी येऊन त्या बाजूच्या फांद्या छाटून जायचे, म्हणून झाडाचं सगळं वजन शोरूमच्या बाजूले गेलं होतं. सडकेकडे मुळं नाहीत, दुकानाकडे वजन. पडलं तं कोणत्या बाजूले पडेल हे सांगायले शिकायची गरज नाही. अन् त्या बाजूले, बरोबर खाली, बिसाहू भैया.

मी लगेच कापा म्हटलं नाही हो. हे मी सगळ्यांले सांगते अन् कोणी ऐकत नाही. मी आधी म्हटलं वजन कमी करू, वरच्या फांद्या हळूहळू उतरवू, फरशा फोडू, माती मोकळी करू, पाहू दोन-चार वर्षं. त्याच्यासाठी वर चढायची गाडी पाहिजे, गाडी मिळाली तं बिजलीवाल्यांनी लाइन बंद केली पाहिजे, लाइन बंद करायची तारीख मिळाली तं त्या दिवशी गाडी कोण्या मंत्र्याच्या स्वागताचे झेंडे लावायले गेलेली. पुढची तारीख दिवाळीच्या बाजारात आली, व्यापारी म्हणे आता नको. त्याच्या पुढची तारीख आलीच नाही. शेवटी आमचा मंगलू, फार चांगला चढणारा, वानरावानी, तो दोर बांधून चढला अन् शोरूमकडल्या काही फांद्या उतरवल्या, पण तो खाली येऊन मले बाजूले घेऊन म्हणाला, दीदी, वर उभा होतो तं पायाखाली हललं. वारा नव्हता. मंगलू घाबरणारा माणूस नाही. त्यानं हात पुसले अन् म्हणाला का मले परत याच्यावर चढवू नका.

त्याच उन्हाळ्यात संध्याकाळची आंधी आली, इथं येते तशी, धुळीची भिंतच. दुसऱ्या एका रस्त्यावर गुलमोहर पडला, ऑटोवर. ऑटोवाला वाचला पण पाय गेला त्याचा. तो गुलमोहर माझ्या नजरेतला नव्हता, त्याले काही रोग नव्हता, वारा तसाच होता. पण पेपरात आलं अन् दुसऱ्या दिवशी ऑफिसात जे साहेब मले म्हणायचे शोभा मॅडम, तुम्ही विनाकारण घाबरवता, तेच साहेब म्हणाले सगळी संशयित झाडं पंधरा दिवसात साफ करा. मी म्हटलं सर, सगळी नाही, जी खरंच गेली तीच. मंग मी आठ-दहा दिवस उन्हात फिरून झाडं वाचवत फिरली. म्हणजे पहा, कालपर्यंत कापा म्हणून भांडत होती, आता कापू नका म्हणून. पुरानी बस्तीतला पिंपळ वाचवला, अजून आहे, जाऊन पाहून या. पण शिरीषाच्या वेळेले मले लिहिता येईना का राहू द्या. तीन वेळा गेली. ठोके मारले, सळई घातली, दूर उभी राहून झुकाव पाहिला. घरी येऊन जेवण जाईना. पोरगा म्हणाला, मम्मी छोड़ो ना, पेड़ ही तो है. मराठी समजते त्याले, बोलत नाही. आमचे हे म्हणाले, तुले पक्कं माहीत आहे का पडेल? मी म्हटलं पडेल हे पक्कं आहे, कधी ते माहीत नाही. ते म्हणाले मंग हे तं सगळ्यांचंच आहे.

मी कापायचं लिहून दिलं.

अन् मंग बिसाहू भैयाले सांगायले मीच गेली, दुसऱ्या कोणाले पाठवलं नाही. स्टुलावर बसली अन् सांगतलं का असं असं आहे, मुळं गेली, पडलं तं तुमच्यावर पडेल. ते बराच वेळ पिको करत राहिले, साडी संपेपर्यंत, मंग दात लावून धागा तोडला अन् म्हणाले, सेठ बोलिस का? म्हणजे सेठनं सांगतलं का. मले असं झालं जसं कोणी कानाखाली दिली. मी म्हटलं भैया, तुम्ही मले किती वर्षांपासून ओळखता. ते म्हणाले, सेठ ला घलो जानथंव. सेठलेही ओळखतो.

त्यायचंही काय चुकलं सांगा. शोरूम झाल्यापासून सेठच्या डोळ्यात ते झाड खुपत होतं, बोर्ड झाकला जायचा, गाड्या लावायले जागा नव्हती, अन् बिसाहू भैयाचं मशीन त्यायच्या काचेच्या दरवाज्यासमोर. झाड होतं म्हणून भैयाले कोणी उठवत नव्हतं, झाडाखालचा माणूस म्हणजे झाडाचाच. झाड गेलं म्हणजे तेही गेले. सेठनं ज्या झाडाची मुळं तोडवली त्याच झाडाचा निकाल मी सेठच्या बाजूनं देऊन राहिली होती. हे मले समजत नव्हतं काय? सगळं समजत होतं. पण सेठचं भलं होते म्हणून मी ते झाड माणसावर पडू देऊ काय? हे मी बाजारातल्या लोकांले सांगतलं, एका पेपरवाल्या पोट्ट्याले सांगतलं, कोणी हो म्हणालं, कोणी नुसतं हसलं.

कापायच्या दिवशी पोलीस होते, दोर लावून रस्ता अडवला होता. मंगलू गाडीच्या झुल्यात उभा राहून वरून कापत आला, झाडाले पाय लावला नाही. फांदी पडली का शेंगांचा आवाज व्हायचा. बिसाहू भैया समोरच्या बाजूले मशीनवर गोणपाट टाकून बसले होते, तो खिळा त्यायनं सकाळीच उपटून घेतला होता. अन् इतक्यात, काय सांगू तुम्हाले, शोरूममधून सेठचा माणूस निघाला हातात मिठाईचा डबा घेऊन, मोठा, चमकीचा कागद लावलेला, अन् सगळ्या बाजारासमोर माझ्याकडे आला, मैडम, सेठजी ने भेजा है, आपने बड़ी मदद कर दी. मी हात मागं घेतले. म्हटलं वापस घेऊन जा. तो म्हणे सेठजी नाराज होतील. मी म्हटलं तुमच्या सेठले सांग, मी तुमची मदत नाही केली, तुम्ही मारलेलं झाड मी फक्त उचलून राहिली. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. पण कापायच्या मशीनच्या आवाजात कोणाले ऐकू गेलं असेल देव जाणे. डबा मात्र सगळ्यांले दिसला.

खोड कमरेएवढं राहिलं तेव्हा कापणं थांबलं अन् लोकं पाहायले आले. आता खरी गोष्ट सांगते. मले वाटत होतं आतून पोकळ निघेल, काळं, भुसभुशीत, अन् लोकं म्हणतील बापरे. तसं निघालं नाही. सडकेच्या बाजूनं एक तिसरा हिस्सा गेलेला होता, पिवळा, स्पंजासारखा, पण बाकीचं लाकूड असं सुंदर निघालं, तपकिरी, कडक, रेषा रेषा मोजता याव्या असं. त्या रोगाचं हेच आहे, तो मुळात जास्त अन् वर कमी, खालची मुळं दाखवल्याशिवाय कोणाले पटणार नाही. पण समोर दिसत होतं ते चांगलं लाकूड. कोणी तरी म्हणालं, ये तो अच्छा था. मंग सगळे म्हणायले लागले. बिसाहू भैया रस्ता ओलांडून आले, हळूच, अन् त्या चांगल्या बाजूवर त्यायनं तळहात ठेवला, कपड्याचा पोत पाहायचे तसा. अन् माझ्याकडे पाहून म्हणाले:

अतका तो बांचे रिहिस, दीदी.

इतकं तं वाचलं होतं. बस, एवढंच म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हटलं असतं तं बरं झालं असतं.

मी म्हटलं उद्या खोदायचं मशीन आणून बुड उपटते, खालची मुळं दाखवते तुम्हाले, सडकेकडे एकही मूळ धड निघालं तं मी नोकरी सोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन गेली तं काय, बुड जमिनीसपाट कापलेलं, वरून सिमेंट, सिमेंटवर फरशा, अन् फरशांवर दोन गाड्या उभ्या. सेठनं त्याच संध्याकाळी माणसं लावून काम करून घेतलं. मी साहेबांले फोन केला का फरशा फोडू द्या. ते म्हणाले, मॅडम, झाड गेलं ना, आता काय सिद्ध करायचं आहे?

काय सिद्ध करायचं आहे. हे वाक्य मी अजून चावून राहिली. डॉक्टरनं माणूस वाचवला तं माणूस उठून पाया पडते. आमच्यात काय होते, झाड वेळेवर कापलं तं काहीच होत नाही. कोणी मरत नाही, काही पडत नाही, दुसऱ्या दिवशी बाजार भरते, बाया साड्या घेतात. जे घडलं नाही ते मी कोणाले दाखवू? अन् नाही कापलं अन् पडलं, तं सगळे विचारतात काहून नाही कापलं. मी त्या शिरीषाच्या बाबतीत आजही सांगते, परत तीच वेळ आली तं परत तेच लिहीन. पण रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, भाजी चिरता चिरता मनात येते का पाच वर्षं राहिलं असतं काय? दहा? त्याचं उत्तर त्या फरशांच्या खाली आहे, अन् खरं सांगायचं तं तिथंही नाही.

बिसाहू भैयासाठी मी धडपड केली. सेठकडे स्वतः गेली, डबा वापस केला होता तरी गेली, म्हटलं जिन्याच्या खाली एक कोपरा द्या या माणसाले. सेठ म्हणाले काहून नाही, अपना ही आदमी है. दोन आठवडे बसू दिलं, मंग चौकीदारानं उठवलं, ग्राहकांले अडचण होते म्हणे. साहेबांनी सांगतलं आपलं काम झाडाचं, टेलरचं नाही. मी त्याच फुटपाथवर थोडं पुढं कदंब लावला, जाळी लावून, अन् पाणी टाकायले माणूस ठेवला, तं शोरूमच्या जनरेटरच्या धुरानं तो वाळला. परत लावला. मंग जाळीच चोरीले गेली अन् गाईनं खाल्ला. भैया शेवटी आपल्या घरी मशीन घेऊन गेले, शहराच्या कडेले त्यायचा पारा, म्हणजे मोहल्ला, आहे तिथं, अन् तिकडं कोण साडी घेऊन जाते सांगा, बाईले तिथल्या तिथं पाहिजे असते. शाळेचे कपडे, उशांच्या खोळी, असं काही शिवत बसतात आता.

मी मधात त्यायच्याकडे जाणं सोडलं होतं. लाज म्हणा, राग म्हणा. मंग निवृत्त झाली. अन् मागच्या पावसाळ्यात एक दिवस त्यायच्या सुनेचा फोन आला, बाबू बुला रहे हैं, पेड़ देखने. बाबू म्हणजे सासरे. मी म्हटलं कोणतं झाड. ती म्हणे घर के सामने वाला नीम. मी हातोडी घेऊन गेली. भैया म्हातारे झाले, चष्म्याले दोरी बांधलेली. राम राम झाला, शिरीषाचं कोणी काढलं नाही. घरासमोर रस्त्याच्या कडेले कडूनिंब, बरा मोठा, अन् पाऱ्यातल्या लोकांनी त्याच्या खोडाले लागून गोल चबुतरा बांधलेला, बसायले, वरून टाइल्स. मी चारही बाजूनं ठोके मारले, बुडाशी माती जिथं मिळाली तिथं उकरून पाहिलं. भैया जवळ उभे राहून माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते, झाडाकडे नाही. मी म्हटलं, भैया, अजून चांगला आहे, पण हा चबुतरा फोडा, खोड गुदमरून राहिलं. ते म्हणाले, गिरही तो नइ? पडणार तं नाही? घर समोरच, नातवंडं खाली खेळतात, मले समजत होतं ते काय विचारून राहिले. मी म्हटलं यंदा नाही पडणार. ते म्हणाले, पक्का? मी म्हटलं, भैया, पक्कं मी कधीच कोणाले म्हटलं नाही. ते हसले, दात गेलेले आता, अन् म्हणाले, हव, ओ बेर घलो नइ कहे रेहेव. तेव्हाही नव्हतं म्हटलं. अन् सुनेले चहा टाकायले सांगतलं.

आता तुम्ही म्हणाल भैयाले पटलं. मले नाही वाटत पटलं. पण त्यायनं बोलावलं, इतकं खरं. मी दर दोन-तीन महिन्यांनी जाते, ठोके मारते, चहा पिते, एखादा ब्लाउज टाकून येते. चबुतरा अजून फोडला नाही त्यायनं. पाऱ्यातले म्हातारे संध्याकाळी तिथं पत्ते खेळतात, कोण फोडू देईल. मी दर वेळेले सांगते, ते दर वेळेले हव दीदी म्हणतात. सून म्हणते, आंटी, आप तो हमेशा यही बोलती हैं. काय करता, आपलं काम बोलायचं, बोलून राहिली.

विभागात आता एक नवी पोरगी आली माझ्या जागी, हुशार आहे, तिच्याजवळ आवाजानं आतलं दाखवणारं यंत्र आहे, पडद्यावर रंग येतात, चांगलं लाकूड एका रंगात अन् खराब दुसऱ्या. मी म्हटलं बाई, छान झालं, आता लोकांले पटेल. ती म्हणाली, मॅडम, लोकं पडदा पाहतात अन् मंग झाडाच्या पानाकडे पाहतात. मले हसूही आलं अन् तिची कीवही आली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् आली घरी.

तुम्हीही जाताना रिक्शात बसाल तं वर नका पाहू, बुडाशी पाहत जा, अन् गळ्यापर्यंत सिमेंट दिसलं तं कोणाले तरी सांगा, कोणी ऐकणार नाही, तरी सांगा. तुमच्या गल्लीतलं झाड शंभर वर्षं जगो बाप्पा, अन् ज्या दिवशी ते जाईल त्या दिवशी त्याच्या खाली कोणी नसो. याच्यापेक्षा जास्त मले कोणाले देता येत नाही.